चाळिशीनंतरचा पहिला बर्फाचा उतार : स्नोबोर्डिंगला निघण्यापूर्वी

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याचे २०२३ साली विभाजन होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात मोहगाव हे गाव आहे. राज्य मध्य प्रदेश असले, तरी या भागाची घरातली भाषा मराठी, बाजारहाट नागपूरकडचा आणि शिवारात संत्र्याच्या बागा. माझ्या आत्याचे घर तिथे आहे. मोहगावात उन्हाळा कडक असतो आणि बर्फाशी ओळख रसवंतीपुरतीच. आपल्याकडे गोव्यातही बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. म्हणूनच काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आतेभावाचा फोन आला, तेव्हा क्षणभर मला तो थट्टाच करीत आहे असे वाटले. “दादा, बर्फावर फळीवरून घसरायचं शिकायले जाऊ का आपण?” त्याचे वय तेव्हा बेचाळीस होते आणि माझे सेहेचाळीस.

त्याच्या पाच एकर बागेचे बरेचसे काम त्याच्या स्वतःच्या हातांवर चालते. त्यामुळे घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो खर्चाचा नव्हे, हाडांचा. मनगट मोडले तर फवारणी कोण करणार? आत्याचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि पुढची सारी तयारी आम्ही त्या एका प्रश्नाभोवती केली. प्रौढ वयात प्रथमच स्नोबोर्डिंग शिकू इच्छिणाऱ्याला त्या तयारीचा उपयोग व्हावा, म्हणून हे लेखन.

खेळाचे स्वरूप

स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन स्वतंत्र पट्ट्या आणि हातांत दोन काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात आणि हात मोकळे असतात. या खेळाचा उगम फार जुना नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने १९६५ साली आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे बनवले. ‘स्नो’ आणि ‘सर्फ’ या दोन शब्दांतून त्याचे नाव ‘स्नर्फर’ असे पडले. पुढे जेक बर्टन, टॉम सिम्स आदींनी पाय पक्के बांधण्याची सोय असलेली आजची फळी विकसित केली. १९९८ सालच्या जपानमधील नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला.

नवशिक्याने एकच गोष्ट नीट समजून घ्यावी. ही फळी सपाट ठेवून चालवायची नसते, ती कडेवर चालवायची असते. फळीला दोन लांब कडा असतात, एक टाचांच्या बाजूची आणि दुसरी चवड्यांच्या बाजूची. उताराला आडवे उभे राहून वरच्या बाजूची कड बर्फात रुतवली की फळी थांबते, ती थोडी सैल केली की हळूहळू खाली सरकते. थांबणे, सरकणे, वळणे हे सारे या कडांच्या वापरातून घडते. उताराच्या खालच्या बाजूची कड चुकून बर्फात अडकली, की मात्र माणूस क्षणार्धात आपटतो. नवशिक्यांना होणाऱ्या बऱ्याच जोरदार आपटण्यांचे कारण हेच असते.

कुठे आणि केव्हा

भारतात शिकण्यासाठी प्रामुख्याने तीन ठिकाणांचा विचार होतो. काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत आणि पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थाही तिथेच आहे. हिमाचलात मनालीजवळचे सोलंग खोरे आहे. मनालीतील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था हिवाळी खेळांचे वर्ग घेते. तिसरे ठिकाण उत्तराखंडातील औली. जोशीमठात जमीन खचल्यानंतर २०२३ साली तिथला रोपवे बंद ठेवावा लागला होता. म्हणून औलीला जाणाऱ्याने वाहतुकीची सद्यस्थिती विचारूनच आरक्षण करावे. सरकारी संस्थांचे वर्ग मुख्यतः स्कीइंगचे असतात. स्नोबोर्डचे प्रशिक्षण आणि प्रौढ नवशिक्यांना प्रवेश आहे का, हे पत्र पाठवून अगोदरच स्पष्ट करून घ्यावे.

काळाची निवड हा अधिक अवघड भाग. काश्मिरात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्लई कलां’ म्हणतात. परंतु थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असे नाही. २०२४ च्या जानेवारीत बराच काळ गुलमर्गचे उतार उघडे पडले होते आणि बर्फ महिन्याच्या अखेरीस पडला. पहिल्या प्रवासासाठी त्यातल्या त्यात फेब्रुवारी अधिक भरवशाचा.

इथे आमची अडचण झाली. आंबिया बहाराच्या संत्राबागेला डिसेंबर-जानेवारीत ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. तेवढ्याच काळात शेतकऱ्याला उसंत असते. नंतर पाणी सोडले, की फुलोऱ्यासाठी बाग पुन्हा माणूस मागते. आतेभावाला जानेवारी हवा होता, तर बर्फ फेब्रुवारीचा भरवसा देत होता. शेवटी ताण तोडून पहिले पाणी स्वतः देऊन, दहा दिवसांची पाळी धाकट्या भावावर सोपवून तो निघाला. गोव्यातील वाचकांची अडचण निराळ्या प्रकारची आहे. हॉटेल आणि पर्यटनाशी संबंधित मंडळींना मोकळा वेळ मिळतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा हिमालयातले हे उतार हिरवे असतात. अशांच्या घरातले कोणी आखाती देशात असेल, तर दुबईत २००५ साली सुरू झालेला ‘स्की दुबई’ हा बंदिस्त बर्फाचा उतार वर्षभर खुला असतो. तिथे एक-दोन तास शिकून पाहिले, की हा खेळ आपल्याला मानवतो की नाही याचा अंदाज हिमालयाचा खर्च करण्यापूर्वीच येतो.

आठ आठवडे आधी : शरीर

साधने भाड्याने मिळतात, मांड्या मिळत नाहीत. स्नोबोर्डिंगमध्ये दिवसभर गुडघे किंचित वाकवून उभे राहावे लागते. पडल्यावर जड बूट आणि फळीसह उठावे लागते, तेही तासाभरात वीस-तीस वेळा. पहिल्या दिवशी माणूस दमतो तो घसरण्यापेक्षा उठण्याने. म्हणून निदान आठ आठवडे आधी तयारीला लागावे.

ही तयारी व्यायामशाळेविना होते. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे राहणे, बैठका, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा खाली-वर करणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि कोपरांवर शरीर तोलून धरणे हे पाच प्रकार आठवड्यातून चार दिवस पुरेत. टाचा उचलण्याचा व्यायाम चुकवू नये. चवड्यांच्या कडेवर सरकताना सर्वाधिक ताण पोटऱ्यांवर येतो आणि त्या आखडल्या की शिकणे थांबते. आतेभाऊ बागेच्या बांधावरून रोज चालत असे. मी पहाटे मिरामारच्या वाळूत अनवाणी चालत असे. मऊ वाळूत घोट्यांना जो व्यायाम घडतो, तो सपाट रस्त्यावर घडत नाही. उत्तर गोव्यातील किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवतात. ते थोडेसे येत असेल तर आडवे उभे राहून तोल साधण्याची सवय अंगात असते, आणि ती बर्फावर उपयोगी पडते.

चाळिशी ओलांडलेल्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. गुडघ्याची किंवा खांद्याची जुनी दुखापत असेल तर ती लपवू नये. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. समुद्रसपाटीवरून थेट गुलमर्गला पोहोचणाऱ्याने पहिला दिवस विश्रांतीसाठी राखावा, पाणी भरपूर प्यावे आणि मद्य टाळावे. डोकेदुखी व मळमळ वाढतच गेली, तर खाली उतरणे हाच खरा उपाय.

पडण्याचा अभ्यास

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. नवशिक्या स्नोबोर्डरला होणाऱ्या दुखापतींत मनगटाची दुखापत सर्वांत जास्त आढळते, आणि तिचे कारण एक नैसर्गिक सवय असते. तोल गेला की माणूस पंजा उघडून हात पुढे किंवा मागे टेकवतो. सारे वजन त्या एका सांध्यावर येते. लहान मुले जमिनीच्या जवळ असतात आणि त्यांचे वजनही कमी असते. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला ही सवय महाग पडते.

म्हणून पडायला घरीच शिकावे. दोन गाद्या एकापुढे एक अंथराव्यात. पुढे पडताना मुठी मिटून, कोपरे वाकवून, आधी गुडघे आणि मग दोन्ही हातांचे कोपरापुढचे भाग एकाच वेळी टेकवावेत. मागे पडताना आधी खाली बसावे, हनुवटी छातीला लावावी, हात छातीशी घ्यावेत आणि पाठीवर गोल लोळावे. हात मागे जाता कामा नये. आतेभावाने हा सराव ओसरीत केला, तेव्हा घरातली मुले जमा होऊन हसत. पण दोन आठवड्यांनी विचार न करता मूठ मिटू लागली, आणि या सरावाचा हेतू तोच होता. उतारावर विचार करायला वेळ मिळत नाही.

जोडीला संरक्षक साधने घ्यावीत. मनगटाला आधार देणारे पट्टे वापरल्याने मनगटाच्या दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. माकडहाडाचे रक्षण करणारी गादी असलेली आतली चड्डी आणि गुडघ्यांच्या गाद्याही मिळतात. हेल्मेटशिवाय फळीवर पाय ठेवू नये. या वस्तू भाड्याच्या दुकानांत मापाच्या मिळतीलच असे नाही, म्हणून हेल्मेट सोडून बाकीच्या घरूनच न्याव्यात. फळी आणि बूट मात्र पहिल्याच वेळी विकत घेण्याचे कारण नाही.

कपडे आणि साधने

मोहगावात किंवा मडगावात बसून थंडीची कल्पना करताना आपण जाड स्वेटरांचा विचार करतो. प्रत्यक्षात थंडीपेक्षा ओल अधिक त्रास देते. नवशिका दिवसाचा बराच भाग बर्फात बसलेला किंवा पडलेला असतो. सुती कपडे घाम आणि ओल धरून ठेवतात, म्हणून जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवावी. अंगालगत घाम बाहेर सोडणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबेचा थर आणि बाहेर पाणी व वारा अडवणारे जाकीट आणि विजार, असे तीन थर पुरतात. हातमोजे जलरोधक असावेत आणि शक्य तर दोन जोड्या असाव्यात, कारण पहिली जोडी दुपारपर्यंत भिजते.

डोळ्यांची काळजी अनेकजण विसरतात. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परावर्तित करतो, शिवाय उंचीबरोबर किरणांची तीव्रताही वाढते. गॉगल न लावता दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांजवळही उन्हाचे मलम लावावे, कारण तिथे ऊन खालून येते.

भाड्याच्या दुकानात सर्वाधिक वेळ बुटांना द्यावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर ती थोडी मागे सरकली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच घालावा. दोन मोज्यांनी पाय उबदार होत नाहीत, उलट घट्टपणाने रक्त अडते आणि वळ्या पडून कातडी सोलते. आम्ही पहिल्या दिवशी घाईत एक माप मोठे बूट घेतले. टाच आत हलत राहिली, फळी सांगितलेले ऐकेना, आणि दोष आपल्या पायांचा आहे असे वाटून अर्धा दिवस वाया गेला. दुपारी बूट बदलले आणि त्याच पायांनी फळी थांबू लागली.

फळी लांबीने हनुवटी ते नाकाच्या दरम्यान येईल अशी, लवचीक आणि आपल्या वजनाला साजेशी मागावी. कोणता पाय पुढे बांधायचा हेही आधी ठरवून जावे. गुळगुळीत लादीवर मोजे घालून धावत येऊन घसरून पाहा. जो पाय आपसूक पुढे जातो तोच सहसा फळीवरही पुढे असतो. उजवा पाय पुढे असणाऱ्यांनी दुकानदाराला तसे सांगावे, कारण फळ्यांची बांधणी बहुधा डावा पाय पुढे धरून केलेली असते.

पहिले तीन दिवस

पहिला दिवस सपाट जागेवर सुरू होतो. एक पाय बांधून दुसऱ्याने ढकलत चालायचे, मग सौम्य उतारावर टाचांच्या कडेवर आडवे सरकायचे आणि थांबायचे. यात सौंदर्य काहीच नसते, पण सारा खेळ यावर उभा असतो. दुसऱ्या दिवशी तेच चवड्यांच्या कडेवर करायचे, तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे ठेवून. प्रौढांना हे विशेष भीतीचे वाटते, कारण आपण कुठे चाललो ते दिसत नाही. त्यानंतर झाडावरून पान डावी-उजवीकडे झोके घेत पडावे, तसे एकाच कडेवर आलटून पालटून सरकण्याचा सराव होतो. दोन्ही कडा जोडून वळणे घेणे बहुतेकांना तिसऱ्या दिवसाच्या आसपास जमू लागते. काहींना पाच दिवस लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

प्रशिक्षकाशिवाय शिकू नये. मित्राने शिकवलेले पहिल्या तासात स्वस्त वाटते, पण चुकीची सवय पुढच्या चार दिवसांवर बसते. प्रौढाचा एक फायदा असा, की त्याला कारण समजते. प्रशिक्षकाने केवळ “असे करा” म्हटले, तर “का” असे विचारावे. नजर फळीकडे न ठेवता जायचे तिकडे ठेवायची, या सूचनेमागचे कारण समजले की ती पाळली जाते. डोके वळते तिकडे खांदे वळतात, आणि खांदे वळतात तिकडे फळी.

रोजची वेळ मर्यादित ठेवावी. सकाळी दोन-अडीच तास, दुपारी विश्रांतीनंतर तेवढेच. “शेवटची एक फेरी” हा मोह टाळावा. थकलेले पाय कड धरू शकत नाहीत आणि दुपारनंतर उतार गोठून कठीण होऊ लागतो.

पैसा, विमा आणि घरची व्यवस्था

खर्च मांडताना प्रवास आणि निवास यांच्या पलीकडे प्रशिक्षकाचे शुल्क, साधनांचे भाडे, रोपवे किंवा लिफ्टचे शुल्क, बर्फात चालणाऱ्या वाहनाचे भाडे आणि निदान दोन जादा दिवसांचा मुक्काम धरावा. हिमवृष्टीने रस्ता किंवा विमान बंद पडणे तिथे नेहमीचे आहे. परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा कामावर रुजू होणे ठेवू नये. मोहगावचा माणूस पांढुर्णा किंवा नागपूरहून रेल्वेने उत्तरेकडे जाऊ शकतो, आपण मडगाव-वास्कोहून दिल्ली गाठू शकतो. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने काश्मीरला जाण्याचा आणखी एक मार्ग खुला झाला आहे. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सुरक्षाविषयक सूचना पाहाव्यात. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड मोबाइल जोडणी जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून सोबतच्या एकाजवळ तरी पोस्टपेड जोडणी असावी.

विम्याचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचावा. अनेक प्रवास विमा योजनांत साहसी खेळातील दुखापत वगळलेली असते किंवा तिच्यासाठी वेगळा हप्ता लागतो. स्नोबोर्डिंग, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च आणि रुग्णालयाचा खर्च या तिन्ही गोष्टी त्यात आहेत का, हे लेखी विचारावे. हातावर पोट असलेल्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला, तर घर आणि काम कसे चालेल? आतेभावाने निघण्यापूर्वी फवारणीची औषधे आणून ठेवली, मजुराशी बोलणे करून ठेवले आणि त्याची रक्कम प्रवासखर्चात धरली. ती खर्ची पडली नाही, पण ती बाजूला होती म्हणूनच आत्याने होकार दिला.

ओलांडू नये अशा रेषा

गुलमर्गची गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवत शिखराच्या बाजूला सुमारे ३,९०० मीटरच्या वर नेते. तिथला मोकळा बर्फ जगभरच्या निष्णात खेळाडूंना खुणावतो. नवशिक्याने पर्यटक म्हणून वर जाऊन यावे, पण फळी खालीच ठेवावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवरील हिमस्खलनात पोलंडच्या दोन खेळाडूंचा मृत्यू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा एका रशियन खेळाडूचा. ही माणसे अनुभवी स्कीपटूंच्या वाटेने गेलेली होती. खुणा केलेल्या, देखरेखीखालच्या उताराच्या बाहेर जाणे हे धाडस नाही, अज्ञान आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या अंतर्गत काम करणारे केंद्र हिवाळ्यात हिमस्खलनाच्या सूचना प्रसिद्ध करते. मुक्कामाच्या ठिकाणी त्या रोज विचारून घ्याव्यात.

शिकाऊ उतारावरही काही शिस्त असते. पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा मार्ग आधी. वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचे. उताराच्या मधोमध किंवा वळणाआड बसून विश्रांती घेऊ नये, कडेला सरकावे. फळी काढून ठेवताना उलटी, बांधणीची बाजू बर्फात रुतेल अशी ठेवावी. सुटी फळी उतारावरून सुटली, तर खालच्या माणसाचा पाय मोडू शकते.

पाच दिवसांत आपण किती शिकलो, याचे मोजमाप आधी ठरवलेले बरे. दोन्ही कडांवर हवे तिथे थांबता येणे, आपल्या पायांनी उतार सुखरूप उतरता येणे आणि चार-सहा वळणे सलग घेता येणे, एवढे साधले तर पहिला प्रवास पूर्ण सफल झाला असे मानावे. आतेभावाला सहा वळणे जमली, मला तीन. त्याला मी मोजायला लावल्या असत्या तर त्याच्या पडण्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली असती. एका पडण्यात फळी अडकून तो पुढे फेकला गेला, तेव्हा मी वरून पाहत होतो. मुठी मिटलेल्या होत्या. परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर सांगितले, की बागेत फुले धरली आहेत आणि फवारणीचा पंप त्याच्याच खांद्यावर आहे.